अर्ध्या ओळीचे धुरीबुवा

भजनावर लाठी चालवता येते का? समजा, तुम्ही पोलीस आहात. समोर गिरणीचा बंद दरवाजा, दरवाजासमोर जमावबंदी, आणि रस्त्याच्या मधोमध सतरंजी टाकून काही माणसं टाळ वाजवत बसली आहेत. घोषणा नाही, झेंडा नाही. एक किडकिडीत माणूस पेटी वाजवत विठ्ठलाचं नाव घेतोय. तुम्ही काय कराल? लालबागच्या एका फौजदारानं काय केलं ते माझे बाबा फार वेळा सांगायचे. त्यानं आधी पायातले बूट काढले. मग हात जोडले. मग त्याच्या लक्षात आलं की गाण्यात विठ्ठल कमी आहे आणि गिरणीचा मालकच जास्त आहे. पण तोवर बूट काढून झाले होते, आणि मोज्यांवर उभ्या असलेल्या माणसाला लाठी उगारणं जड जातं. भजन पूर्ण झालं. शेवटी प्रसादाचे चुरमुरे फौजदारालाही मिळाले.

ती पेटी वाजवणारे आत्माराम धुरी, आमचे धुरीबुवा, गेल्या महिन्यात गेले. मी गिरगावात एका छापखान्याच्या माडीवर मुद्रितं तपासते. दुपारी मान वर केली तर दारात बाबा. त्यांचा गुडघा दुखतो, ते घरचा जिनासुद्धा टाळतात, आणि छापखान्याचा जिना म्हणजे शिडीच आहे. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पाणी प्यायले, माझ्या टेबलावरची मुद्रितं उगाच सारखी केली आणि म्हणाले, "तुझे बुवा गेले."

तुझे. ज्या माणसाबरोबर ते संपात त्याच सतरंजीवर बसले, तो माणूस आता फक्त माझा होता. मी म्हटलं, "फोन का नाही केलात खाली?" तर म्हणाले, "फोनवर काय सांगायचं…" उठताना म्हणाले, "पत्रक काढायला पाहिजे त्याच्यावर. तू लिही. मी लिहिलेलं त्याच्यावरचं शेवटचं पत्रक वेगळं होतं."

म्हणून हे लिहिते आहे. खरं सांगायचं तर लिहायचा कंटाळा आला आहे. गिरणगावावर हल्ली पुरवण्यांमध्ये पुष्कळ येतं. चिमणीचा फोटो, भोंग्याची आठवण, खाली कुणाचा तरी हळवा मजकूर. पुढच्या पानावर त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहणाऱ्या इमारतीची जाहिरात. त्यात आणखी एका माणसाचं मरण घालायचं… पण बुवांचं काम असं होतं की ते कुठे शिल्लक राहत नाही. चित्रकाराची भिंत राहते, लेखकाचं पुस्तक राहतं. बुवांच्या ओळी कागदावर कधी उतरल्याच नाहीत, आणि अर्ध्या ओळी तर त्यांच्या नव्हत्याच.

बाबा कामगारांची पत्रकं लिहायचे, मी त्या पत्रकांवर वाढले. आमच्या खोलीत खाटेखाली सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं, आणि कोरे कागद ओले होऊ नयेत म्हणून पावसाळ्यात ते खाटेवर आणि आम्ही खाली, अशी व्यवस्था होती. अक्षरं मी मथळ्यांवरून शिकले. मला वाचता आलेला पहिला शब्द 'बंधूंनो' होता. बाबांना मी विचारलं होतं, की आईला काय म्हणायचं? बाबा हसले नाहीत, विचारात पडले. शेजारी बसलेले बुवा मात्र मांडीवर थाप मारून, माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "यशवंता, चेडवान तुका धरलान! पत्रकात आता बायका घाल, नायतर मी गाण्यात घालतंय." बाबांच्या पत्रकात बायका यायला वेळ लागला. बुवांच्या गाण्यात त्या दुसऱ्या दिवशीच आल्या.

कशा आल्या, ते सांगायला हवं, कारण बुवांची सगळी कला त्यातच होती. ते सकाळी पाण्याच्या वेळेला नळाशी जाऊन बसायचे. संपाचे दिवस, गिरणीत जायचं नव्हतंच. हंडे घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांना विचारायचे, "काय गो, आज काय?" कुणी सांगायची, वाण्यानं डाळ द्यायची बंद केली. कुणी सांगायची, नवरा गावी निघून गेलाय, पत्र नाही. खानावळवाली आक्का, जिच्याकडे गिरणीतली एकटी माणसं जेवायची, ती म्हणायची, "माझ्या चुलीलाच संप पडलाय बुवा, तिच्यावर करा कायतरी गाणं." मग बुवा अर्धी ओळ करायचे. अर्धीच. भजनात ती चालीवर म्हणायचे आणि थांबायचे. पेटी वाजत राहायची, ते समोर बघत राहायचे. उरलेली अर्धी लोकांनी म्हणायची. "वाण्याच्या दाराला कुलूप मोठं…" बुवा म्हणायचे, आणि गर्दीतून कुणीतरी ओरडायचं, "पोटाच्या दाराला लावू कसं!" जी जमली ती ओळ राहायची, टाळकरी तीच उचलायचे. कधी दोन ओळी एकदम यायच्या आणि भांडण व्हायचं. बुवांना हे भांडण फार आवडायचं. कुणी विचारलं की बुवा, पूर्ण गाणं का नाही करत, तर म्हणायचे, "मी पुरा केला तर तुमी फक्त ऐकणार. ऐकून ऐकून तर ही वेळ इली."

या अर्ध्या ओळीनंच पुढे घात केला. बुवांचा पखवाज वाजवायचे शांताराम गवस, शांतारामकाका. दोघं एकाच गावचे, मालवणकडचे, एकाच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आणि चाळीत आमच्याच मजल्यावर समोरासमोर. बुवांनी सूर लावायचा आणि शांतारामकाकांनी मान न वळवता ठेका धरायचा, असं बरीच वर्षं चाललेलं. संप लांबला. गावाकडून तांदूळ यायचा बंद झाला, लोकांनी भांडी काढली, कुणी भाजी विकायला बसलं, कुणी पोरांना गावी धाडलं. आणि एका सकाळी कळलं की शांताराम गवस मागच्या दारानं आत गेला. कामावर.

त्या संध्याकाळी गेटावर भजन होतं. पखवाजाला कुणीतरी नवखा बसवला होता. बुवांच्या मनात काय होतं, ते त्यांनी मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं: त्यांना राग आला होता, बस. नाव घ्यायचं नव्हतं. त्यांनी ओळ टाकली, "मागल्या दारानं कोण हा गेला…" आणि सवयीनं थांबले. गर्दीनं एका आवाजात पूर्ण केली: "गवसांचा शांत्या गेला!"

इतकी पटकन कुठलीच ओळ पूर्ण झाली नव्हती. तिला चाल होती, ताल होता, तोंडात बसत होती. दुसऱ्या दिवशी ती चाळीत पोहोचली. पोरं जिन्यात म्हणायची, लंगडी खेळताना म्हणायची. काकांची मुलगी शाळेतून यायची वेळ झाली की गॅलरीतून म्हणायची. मग मोठ्यांनी उरलेलं केलं. गावच्या मंडळाची तळमजल्यावर खोली होती, गावची माणसं आपल्या ट्रंका तिथे ठेवायची; तिथून काकांची ट्रंक बाहेर आली. त्यांच्याकडे लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही, त्यांना बोलवायचं नाही. हा ठराव कुणी लिहिला नव्हता. गाणं होतं ना, ठरावाची गरज काय?

संप कसा संपला ते विचारू नका. तो संपलाच नाही, असं बाबा अजून म्हणतात. मागे घेतल्याचं कुणी जाहीर केलं नाही, फक्त गेटावरची सतरंजी एक दिवस घातली गेली नाही. बुवांना परत घेतलं नाही, बाबांना घेतलं नाही. आणि पुढे काही वर्षांत ती गिरणीच बंद पडली, तेव्हा आत गेलेले शांतारामकाकाही बाहेर आले. सगळे एकाच रस्त्यावर. मालकाच्या दृष्टीनं आता दोघांत काही फरक नव्हता. चाळीच्या दृष्टीनं होता. मला हे लिहिताना थकायला होतं. जो खरा वैरी होता तो मलबार हिलवर सुखात होता, आणि आम्ही जिन्यात एकमेकांना अंग चोरून वाट देत होतो.

मग काकांची आई वारली. सकाळी गेली. दम्याची म्हातारी, वर्षानुवर्षं खाटेवर. चाळीत कुणी गेलं की दारं उघडतात, बायका पाणी घेऊन जातात, पुरुष खाली उतरून बांबू आणतात, हे कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवशी दारं लोटली गेली. आमचंही लोटलं गेलं. आई दाराला पाठ लावून उभी होती आणि बाबा खुर्चीत पेपर उघडून. पान उलटल्याचा आवाज येत नव्हता. बाहेर फक्त बुवांचा आवाज, गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. प्रत्येक दारावर थाप आणि, "खांदो होयो आसा. एक खांदो." काका, त्यांचा मेहुणा, बुवा. चौथा खांदा दुपार कलेपर्यंत मिळाला नाही. शेवटी पलीकडच्या चाळीतला एक उत्तर भारतीय कामगार आला. त्याला गावकी ठाऊक नव्हती आणि आमचं गाणं त्याला कळत नव्हतं.

त्यानंतर आठवडाभरात बुवांनी जाहीर केलं, की चाळीच्या सत्यनारायणाला यंदा डबलबारी होणार. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्या कोकणातल्या माणसांची ही भजनाची कुस्ती. दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एक गातो, गाता गाता समोरच्याला पुराणातला प्रश्न घालतो, त्याची उडवतो. समोरच्यानं आपली बारी आली की उत्तर द्यायचं. तोंडाला येईल ते बोलावं, नाक कापावं, सगळं माफ. फक्त शेवटी दोघांनी उठून गळाभेट घ्यायची आणि मांडवात बोललेलं मांडवाबाहेर न्यायचं नाही. हा नियम कुणी मोडत नाही. एरवी डबलबारी रात्रभर चालते. बुवांनी मुद्दाम रविवारची दुपार धरली, बायकापोरांना ऐकता यावं म्हणून. आणि समोरचे बुवा कोण? शांताराम गवस.

बाबांनी त्यांना जिन्यात गाठलं. मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होते, सगळं ऐकू आलं.

"आत्माराम, हे काय ऐकतोय मी?"

"म्हणजे कान बरे आसत तुझे."

"थट्टा नको. त्या माणसाला मांडवात बसवणार तू? बुवा म्हणून?"

"मग काय वर टांगू?"

"तो आत गेला तेव्हा आपल्या घरात चुली पेटत नव्हत्या. विसरलास?"

"नाय विसरलो. त्याची आवस खांद्यासाठी दुपारभर पडून होती, ता पण नाय विसरलो."

"संप हे तत्त्व असतं, आत्माराम. त्यात चुकलेल्याला चुकला म्हणायलाच पाहिजे."

"म्हण ना. त्याच्या तोंडावर म्हण, त्याका पण बोलूक दे. यशवंता, तू पत्रक काढतस, दुसऱ्या दिवशी त्यात वडे बांधतत. माझा गाणा पोरं अजून म्हणतत. ता पुसूचा कसा, सांग माका."

मग बाबांनी जे त्यांना येत होतं ते केलं. यंत्र बाहेर काढलं. 'आत्माराम धुरी यांचा जाहीर निषेध.' ते पत्रक मी वाचलं आहे. भाषा चांगली आहे. आजही मी त्यात एखादाच शब्द बदलीन. हेच मला टोचतं. बाबांचं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि तरी त्या पत्रकात शांतारामकाकांच्या आईला जागा नव्हती.

रविवारी चौकात दोन सतरंज्या घातल्या गेल्या. एकीवर बुवा, मागे त्यांचे टाळकरी. दुसरीवर शांतारामकाका, पुढ्यात उसनी पेटी, मागे कुणी नाही. चारी बाजूंच्या गॅलऱ्या भरलेल्या, पण बहुतेक माणसं कठड्याला टेकून, खाली यायला तयार नाहीत; खाली फक्त काही बायका आणि त्यांच्यात मी. बुवांनी वळून आपल्या टाळकऱ्यांना सांगितलं, "उठा. तिकडे बसा. त्याच्या मागे झील धरा. आज माझ्या मागे कोण नको." कुणी उठलं नाही. सगळ्यांनी टाळांकडे बघितलं. मग बायकांतून आक्का उठली, पदर खोचला, एका टाळकऱ्याच्या हातातून टाळ काढून घेतले आणि काकांच्या मागे जाऊन बसली. म्हणाली, "जेवायला माझ्याकडे सगळेच होते. मी कोणाच्या मागे बसायचं ते मला कोण सांगणार?" तिच्यामागोमाग दोघे उठले, मग आणखी एक.

काकांना गाता येत नव्हतं. आयुष्य पखवाजावर गेलेलं, गळा कोरडा. चाचपडत दोन अभंग म्हटले. कुणीतरी वरून ओरडलं, "पखवाज बरा होता रे!" हसू पसरलं. काका थांबले, घाम पुसला आणि प्रश्न घातला. "राम वनवासाक गेलो. वचनासाठी गेलो, मोठा काम केलान. पण मागे अयोध्या चालवली कोणी? भरतान. तर बुवा, तुमी सांगा. भरत गद्दार, की भाऊ?"

आणि इथे आमच्या माणसांकडून एक चूक झाली, जी फक्त आमचीच माणसं करू शकतात. जन्मभर डबलबाऱ्या ऐकलेली ती. प्रश्न चांगला पडला की दाद देणं त्यांच्या रक्तात. दुसऱ्या मजल्यावरून एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं म्हटलं, "वा! शांत्या, वा!" आणि मग तोंडावर हात ठेवला. कितीतरी वर्षांत त्या चौकात ते नाव पहिल्यांदाच त्या ओळीबाहेर उच्चारलं गेलं होतं.

बुवांची बारी आली. त्यांनी सूर धरला. "भरतान पादुका ठेवल्या सिंहासनी…" आणि थांबले. पेटी वाजत राहिली. आमच्या मजल्यावरून एकानं ओळ पूर्ण केली, आणि ती सुरीसारखी होती: "शांत्यानं साच्यावर काय ठेवलं?"

पुन्हा हसू. या वेळी मोठं. शांतारामकाकांनी वर बघितलं नाही. चालही धरली नाही. बोलल्यासारखं म्हणाले, "आवशीचा औषध."

तेवढंच. हसू जिथल्या तिथे राहिलं. म्हातारीला जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता, तिच्या घराचं दार चौकातून दिसत होतं. बुवांनी पुन्हा पेटीवर बोटं ठेवली आणि जी ओळ कुणालाही अपेक्षित नव्हती ती म्हटली. तीच. "मागल्या दारानं कोण हा गेला…" आणि थांबले.

मी त्या वेळी पुढे बसले होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. ते गॅलऱ्यांकडे बघत होते, एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर, सावकाश. एका लहान पोरानं सवयीनं तोंड उघडलं आणि त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात दाबला. बाकी कुणी नाही. ज्यांनी ती ओळ गेटावर जन्माला घातली होती ती सगळी माणसं तिथे होती. बुवांचा हात भात्यावरून सुटला. आत राहिलेल्या हवेवर सूर थोडा वेळ वाजला, बारीक झाला, आणि गेला. ती ओळ अर्धीच राहिली. त्यानंतर आमच्या चाळीत ती कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुरवणीतल्या गोष्टी अशाच संपतात. पण गळाभेट झाली तेव्हा अर्धी गॅलरी रिकामी होती. बाबा कठड्याशी शेवटपर्यंत उभे होते, मग आत गेले आणि कडी लावली. ट्रंक ठेवायला काकांना मंडळाची खोली मिळाली, पण वर्षभरात ते वडाळ्याला निघून गेले. बुवांचं मंडळ फुटलं. सभांना त्यांना बोलावणं बंद झालं. 'बुवा मऊ पडले' असं लोक म्हणायचे. माटुंग्याला एका इमारतीत ते रखवालदाराच्या नोकरीला लागले, आणि सुट्टीच्या दिवशी पेटी घेऊन जिथे कुणी बोलावेल तिथे जायचे. कुठे पाण्यासाठी भांडणाऱ्या बायका, कुठे चाळ रिकामी करा म्हणून नोटीस आलेली माणसं. माझगावला एका गल्लीत दारूच्या गुत्त्यासमोर त्यांनी बायकांकडून आठवडाभर रोज ओळी करून घेतल्या. गुत्ता बंद झाला, आणि पुढच्या गल्लीत उघडला. मी चिडले होते. बुवा म्हणाले, "एक गल्ली हटवलो ना? आता त्या गल्लीतल्या बायका काय म्हणतत बघूया." त्यांना थकवा येत नव्हता असं नाही. पण थकून ते नळाशी जाऊन बसायचे, आणि मी थकून लेख लिहिते.

शेवटचं भेटले ते त्यांच्या खोलीत. छाती कापसानं भरलेली, बोलताना मध्ये मध्ये थांबायला लागायचं. खिडकीतून आमच्या जुन्या गिरणीच्या जागेवरची नवी इमारत दिसत होती, वर क्रेन. मी विचारलं, "बुवा, एवढं सगळं केलंत, काय बदललं?" असं विचारू नये, पण विचारलं. त्यांनी क्रेनकडे बोट केलं. म्हणाले, "गिरणी ऱ्हवली नाय, आमचा भांडण ऱ्हवला. यशवंत काय म्हणता?" मी म्हटलं, "काही म्हणत नाहीत." तर म्हणाले, "बोलात… बोलात." बोलेल, म्हणजे.

ते गेल्यावर, दिवस झाल्यावर, बुवांच्या बायकोनं, आमच्या काकींनी, आम्हाला बोलावलं. पेटी पुसून, चादरीत बांधून ठेवली होती. काकी म्हणाल्या, "ह्यांनी सांगून ठेवलानी हा. पेटी शांतारामाक. आणि पोचवूची ती यशवंतान. दुसऱ्या कोणी नाय."

बाबा म्हणाले, "माझा गुडघा…"

"ता पण सांगितलानी हा," काकी म्हणाल्या. "गुडघो दुखता म्हणात, तर म्हणा, सावकाश चढ."

वडाळ्याच्या त्या इमारतीला लिफ्ट आहे, पण त्या दिवशी बंद होती. मी पेटी घेते म्हटलं, तर बाबांनी ऐकलं नाही. चादरीतली पेटी खांद्यावर घेऊन ते एकेक पायरी चढले. प्रत्येक वळणावर थांबायचे, घाम गाळायचे, पण खाली ठेवायचे नाहीत. आमच्या चाळीत एक खांदा कमी पडला होता. बुवांनी तो इतक्या वर्षांनी असा मागून घेतला होता. बाबांना हे कळलं होतं का, मी विचारलं नाही. बहुतेक पहिल्या पायरीलाच कळलं असावं.

दार काकांनीच उघडलं. म्हातारे झालेत, एका डोळ्यानं दिसत नाही. पेटीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. "ये. बस. तुझो गुडघो कसो आसा?" बाबा बसले. काकांच्या मुलीनं चहा आणला. तीच, जिच्या शाळेच्या वेळेला गॅलरीतून ओळ यायची. ती माझ्याशी नीट बोलली. पेटी मध्ये ठेवलेली, दोघे म्हातारे दोन बाजूंना. चहा संपला, कप रिकामे झाले. मला वाटलं, आता आम्ही उठणार. तेवढ्यात बाबा म्हणाले, "शांताराम, आत गेलास तेव्हाचं सांग. कसं होतं?"

माझे बाबा कुणालाही वाक्य पुरं करू देत नाहीत. सभेत नाही, घरात नाही, माझं तर कधीच नाही. त्या दुपारी ते गप्प बसले. काकांनी सांगितलं, आईला रात्री श्वास मिळायचा नाही ते. पहिल्या दिवशी साच्यासमोर उभं राहिल्यावर ओकारी आली ते. अख्ख्या खात्यात मोजके साचे चालू, बाकी अंधार, आणि चालवणारेही एकमेकांशी बोलत नसत ते. मग म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत गेटावरचा भजन आत ऐकू यायचा. माझ्यावरचीच ओळ. तुमी पखवाजाक कोण बसवलेलात तो… ठेको चुकत होतो रे. रोज चुकत होतो. माका ऱ्हवत नसा. मी डब्याच्या झाकणावर बरोबर ठेको धरायचंय. माझ्याच नावावर."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "चुकत होता खरा. आम्हाला सगळ्यांना कळत होतं."

मग ते दोघे कुठल्या मात्रेवर चुकायचा, यावर बोलत बसले, आणि मी मुलीबरोबर कप धुवायला आत गेले.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांची घरं लालबाग-परळची आहेत, किंवा होती. त्यांपैकी कुणाच्या घरात, शेजारी, सोडून आलेल्या चाळीत, संपात कामावर गेलेला एक माणूस अजून आहे. म्हातारा आहे, आणि स्वतःहून तो काही सांगणार नाही. बुवांसाठी शोकसभा घेऊ नका, फोटोला हार घालू नका. तो माणूस शोधा, येत्या रविवारी त्याच्याकडे जा, आणि विचारा, आत कसं होतं. मग त्याचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलू नका.